एचएलए बी२७ टेस्टचा रिव्ह्यू: टेस्ट चांगली, रिपोर्टची भाषा वाईट

आधी थोडक्यात सांगते, वेळ असेल त्यांनी पुढचं वाचा. सकाळी उठल्यावर कंबर अर्धा-पाऊण तास सरळच होत नाही, हालचाल केली की मोकळी होते, पडून राहिलं की उलट जास्त धरते, आणि हे सगळं चाळिशीच्या आत सुरू झालंय, असं ज्यांचं आहे त्यांनी डॉक्टरांनी लिहून दिली तर एचएलए बी२७ ही ब्लड टेस्ट (मणक्याच्या एका संधिवाताशी जोडलेला जीन आपल्याकडे आहे का ते सांगणारी) नक्की करावी, पैसे वसूल आहेत. आयुष्यात एकदाच करायची असते कारण जीन काही बदलत नाही. पण रिपोर्ट ज्या भाषेत हातात येतो ती मला अजिबात पटलेली नाही. अर्धी गोष्ट छापतात आणि उरलेली अर्धी, जी ऐकली तर माणसाला धीर येईल, ती कुठेच नसते. म्हणून टेस्टपेक्षा त्या उरलेल्या अर्ध्याबद्दलच जास्त लिहितेय.

माझी कंबर दुखायला लागली तेव्हा मी पंचविशीत होते. ठाण्याहून लोकलने ऑफिस, दिवसभर खुर्चीत, त्यामुळे घरचे म्हणायचे बसून बसून दुखणारच. एका डॉक्टरांनी एक्सरे बघून मणक्यात गॅप आहे म्हणून पट्टा दिला, दुसऱ्यांनी कॅल्शियम आणि डी व्हिटॅमिन दिलं, शेजारच्या काकूंनी तेल दिलं. पहाटे तीन-साडेतीनला दुखून जाग येते आणि उठून हॉलमध्ये चार फेऱ्या मारल्या की बरं वाटतं, हे मी प्रत्येकाला सांगायचे, पण बाईमाणूस म्हटल्यावर घरकाम, ऑफिस, ताण ह्यातच ते जमा व्हायचं. हा आजार, म्हणजे अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, ज्याला आपल्याकडे मणक्याचा संधिवात म्हणतात, तो पुरुषांचाच असं बरीच वर्षं धरून चालले होते, दहा पुरुषांमागे एक बाई वगैरे. आता तज्ज्ञ तसं मानत नाहीत, दोन-तीन पुरुषांमागे एक बाई इतकं प्रमाण धरतात, आणि एक्सरेवर काही दिसायच्या आधीचा जो टप्पा असतो त्यात तर बायका-पुरुष जवळपास सारखेच असतात. त्यामुळे बायकांनो, ‘तुम्हाला हे कसं असेल’ असं कोणी म्हटलं तर तिथे थांबू नका.

मला निदानापर्यंत नेलं ते डोळ्याने. उजवा डोळा लालभडक झाला, उजेड सहन होईना, आतून ठणकायला लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून युव्हियायटिस म्हणजे डोळ्याच्या आतली सूज असल्याचं सांगितलं आणि लगेच विचारलं, ‘ताई, सकाळी कंबर अकडते का तुमची?’ इतक्या जणांना दाखवलं होतं आणि बरोबर प्रश्न विचारला तो डोळ्यांच्या डॉक्टरांनी. त्यांनीच बी२७ लिहून दिली आणि रूमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांकडे, पाठवलं.

आता सर्व्हिसबद्दल. लॅबचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण नंतर ओळखीच्यांचे वेगवेगळ्या लॅबचे रिपोर्ट पाहिले तर सगळीकडे साधारण तोच साचा आहे. होम कलेक्शन बुक केलं, मुलगा वेळेवर आला, सुई आणि ट्यूब माझ्यासमोर पाकिटातून काढल्या, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये थोडंसंच रक्त घेतलं, नाव-वय माझ्यासमोर लिहिलं. उपाशी राहावं लागत नाही, चहा-नाश्ता करून दिलं तरी चालतं. किंमत दोन हजारांच्या आसपास पडली, शहराप्रमाणे कमी-जास्त होते, मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये सोय असेल तर तिथे आधी विचारून बघा. रिपोर्ट सांगितलेल्या वेळेत आला. इथपर्यंत काहीच तक्रार नाही, उलट त्या मुलाचं कौतुक, हात हलका होता आणि घाई अजिबात नव्हती.

एक गोष्ट मात्र बुक करतानाच विचारून घ्या, ती म्हणजे टेस्ट कोणत्या पद्धतीने करणार. फ्लो सायटोमेट्रीमध्ये पांढऱ्या पेशींवर बी२७ हे प्रोटीन आहे का ते चमकणाऱ्या अँटीबॉडी लावून बघतात, आणि पीसीआरमध्ये थेट डीएनएमध्ये जीन शोधतात. फ्लोच्या पद्धतीत बी७ नावाचं बी२७ सारखंच दिसणारं प्रोटीन ज्यांच्याकडे असतं त्यांचा रिपोर्ट कधीकधी घोळात टाकतो, म्हणून बॉर्डरलाइन आलं तर पीसीआरने खात्री करायची असते. शिवाय बी२७ एकच नाही, त्याचे कितीतरी उपप्रकार आहेत, २७:०५ जगात सगळ्यात जास्त आढळणारा, २७:०४ आशियात बराच, आणि आग्नेय आशियातला २७:०६ आणि सार्डिनिया बेटावरचा २७:०९ ह्या दोघांचा मणक्याच्या आजाराशी जवळजवळ संबंध दिसत नाही. साध्या टेस्टमध्ये हा फरक कळत नाही, फक्त आहे किंवा नाही एवढंच कळतं. आपल्या उपचारात त्याने सहसा फरक पडत नाही, पण नुसत्या ‘पॉझिटिव्ह’ ह्या शब्दामागे केवढं काय काय असतं ते कळावं म्हणून सांगितलं.

आणि आता रिपोर्ट. व्हॉट्सअ‍ॅपवर शनिवारी रात्री पीडीएफ आली. एका रकान्यात ‘पॉझिटिव्ह’, ठळक अक्षरात, लाल रंगात, शेजारी नॉर्मलच्या रकान्यात ‘निगेटिव्ह’, आणि खाली चार ओळी की हा मार्कर अमुक तमुक आजारांशी संबंधित आहे, क्लिनिकली कोरिलेट करा, म्हणजे लक्षणांशी ताडून बघा. झालं. हेल्पलाइनला फोन केला तर तुमच्या डॉक्टरांना दाखवा एवढंच. सोमवारपर्यंत घरात कोणाला नीट झोप नाही, आई तर आमच्या घराण्यात असं कसं आलं म्हणून रडायला लागली. माझा खरा आक्षेप त्या नॉर्मलच्या रकान्यावर आहे. साखरेची नॉर्मल रेंज असते ते समजू शकते, थायरॉइडची असते. पण एचएलए जीनला नॉर्मल काय आणि अ‍ॅबनॉर्मल काय? प्रत्येकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून, आणि जगात एचएलए बीच्या हजारो आवृत्त्या आहेत. बी२७ त्यातली एक. युरोपात साधारण शंभरातल्या आठ जणांकडे आहे, जपानमध्ये शंभरात एकापेक्षाही कमी, कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या हैदा लोकांत तर निम्म्यांकडे. निम्म्या समाजाकडे असलेली गोष्ट बिघाड कशी असेल?

ह्या टेस्टचा इतिहासही बघण्यासारखा आहे. १९७३ मध्ये लंडनच्या ब्रुअर्टन ह्यांच्या टीमने अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसचे ७५ पेशंट तपासले तर ७२ जणांकडे बी२७ निघालं, आणि आजार नसलेल्या ७५ जणांत फक्त ३ जणांकडे. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या टीमलाही तेच दिसलं. एखादा जीन आणि एखादा आजार ह्यांच्यातला इतका घट्ट संबंध वैद्यकशास्त्रात फार कमी ठिकाणी सापडतो. पण हाच आकडा लोक उलटा वाचतात आणि तिथेच सगळा घोटाळा होतो. आजार असलेल्या बहुतेकांकडे बी२७ असतं हे खरं, पण बी२७ असलेल्या शंभर माणसांतल्या फार तर पाचेक जणांनाच हा आजार होतो. बाकीच्यांतले बहुतेक आयुष्यभर त्याचा काही त्रास न होता जगतात, त्यांना ते आपल्याकडे आहे हेसुद्धा माहीत नसतं. घरात आधीच पेशंट असेल तर धोका वाढतो, अशा घरातल्या बी२७ असलेल्या सख्ख्या नातेवाइकांत पाचात एक इथपर्यंत जाऊ शकतो, तरी पाचातले चार ठीकच राहतात. आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून आजार नाहीच असंही नाही, सगळी लक्षणं असतील तर एमआरआय करायला सांगतातच. ह्यातलं एक वाक्यही रिपोर्टवर नव्हतं.

आता मुख्य मुद्दा, जो मला माझ्या रूमॅटॉलॉजिस्टनी सांगितला आणि मग मी महिनोन् महिने वाचत बसले. त्या म्हणाल्या, ‘हा जीन तुमच्या पूर्वजांकडे टिकून राहिला, तो काही चुकून नाही.’ एचएलएचं काम मुळात काय ते बघा. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या आत प्रोटीनचे बारीक तुकडे होत असतात, एचएलए त्यातला एकेक तुकडा आपल्या खाचेत धरून पेशीच्या बाहेर आणून दाखवतं, आणि रक्तात फिरणाऱ्या टी पेशी तो तुकडा तपासतात. तुकडा आपलाच असेल तर पुढे जातात, व्हायरसचा असेल तर ती पेशी मारून टाकतात. कोणाच्या एचएलएच्या खाचेत कोणता तुकडा नीट बसतो हे प्रत्येकाचं वेगळं, म्हणूनच एकाच तापाच्या साथीत एकाच घरातला एक जण पार आडवा होतो आणि दुसऱ्याला नुसतं नाक वाहून जातं, त्यामागच्या अनेक कारणांतलं हे एक आहे.

बी२७च्या खाचेत काही व्हायरसचे फार मोक्याचे तुकडे बसतात. सगळ्यात नीट अभ्यासलेलं उदाहरण एचआयव्हीचं. उपचार न घेतलेल्या एचआयव्ही पेशंटमध्ये ज्यांच्याकडे बी२७ होतं त्यांच्यात एड्सपर्यंत पोचायला जास्त वर्षं लागली, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. कारण बी२७ एचआयव्हीच्या आतल्या कवचातल्या प्रोटीनचा असा एक तुकडा बाहेर दाखवतं की टी पेशींपासून वाचायला व्हायरसला नेमका तोच भाग बदलावा लागतो, आणि तो भाग बदलला की व्हायरसचं कवचच नीट बनत नाही, त्याची वाढ मंदावते. ती उणीव भरून काढायला व्हायरसला अजून दुसरीकडे बदल करावे लागतात आणि त्यात वर्षं जातात. बी५७ नावाची दुसरी आवृत्ती ह्यात बी२७ पेक्षाही भारी आहे. औषधं न घेताच एचआयव्ही ताब्यात ठेवणाऱ्या लोकांवरचा एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१० मध्ये आला, त्यातही सगळा रोख ह्या खाचेवरच निघाला, खाचेतली मोजकी अमिनो आम्लं कोणती आहेत त्यावर बरंच काही ठरत होतं.

दुसरं उदाहरण हेपॅटायटिस सीचं, आणि ते वाचून मला फार वाईटही वाटलं. आयर्लंडमध्ये १९७७-७८ मध्ये निगेटिव्ह ब्लड ग्रुपच्या बायकांना बाळंतपणानंतर देतात त्या अँटी-डी इंजेक्शनच्या काही बॅचमध्ये हेपॅटायटिस सीचा व्हायरस गेला होता. शेकडो बायकांना एकाच ठिकाणाहून तोच संसर्ग झाला, कोणाचीही काही चूक नसताना. वर्षांनी तपासलं तेव्हा काहींच्या शरीराने व्हायरस स्वतःच काढून टाकला होता आणि काहींच्या लिव्हरमध्ये तो ठाण मांडून बसला होता. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की ज्यांनी व्हायरस काढून टाकला त्यांच्यात बी२७ असण्याचं प्रमाण जास्त होतं. म्हणजे माझ्या रिपोर्टवर लाल अक्षरात छापलेली गोष्ट त्या बायकांच्या लिव्हरला वाचवत होती. पण हे वाचून कोणी हुरळून जाऊ नये. हा फायदा मुख्यतः हेपॅटायटिस सीच्या जीनोटाइप १ ह्या उपप्रकारात दिसतो, कारण बी२७ पकडतं तो तुकडा इतर जीनोटाइपमध्ये तसाच्या तसा नसतो, आणि भारतात जीनोटाइप ३ जास्त आहे. त्यामुळे बी२७ पॉझिटिव्ह आहे म्हणून सुई-रक्ताच्या बाबतीत कसलीही ढिलाई नको.

आणखी एक लक्षात घ्या, एचआयव्ही माणसात पसरला तो गेल्या शतकात, त्यामुळे बी२७ जगभर पोचलं ते काही एचआयव्हीमुळे नाही, ते त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. फ्लूच्या व्हायरसचाही एक तुकडा बी२७ चांगला धरून दाखवतं. माणसाच्या इतिहासात साथी येत गेल्या, प्रत्येक साथीत वेगवेगळ्या एचएलएवाले वाचले, आणि म्हणून इतक्या आवृत्त्या आज शिल्लक आहेत. सगळ्यांकडे एकच ‘नॉर्मल’ आवृत्ती असती तर एक चतुर व्हायरस पुरला असता. हे कळल्यावर तो नॉर्मलचा रकाना मला आणखीनच खटकायला लागला.

मग तोच जीन मणका का धरतो? ह्यावर बरेच वाद आहेत, कोणी म्हणतं बी२७चं प्रोटीन पेशीच्या आत नीट घडी न होता साचतं, कोणी म्हणतं ते आपलाच एखादा तुकडा असा दाखवतं की टी पेशी त्याला जंतू समजतात. ह्या दुसऱ्या बाजूला २०२२ मध्ये जोरदार आधार मिळाला. अमेरिका आणि ब्रिटनच्या शास्त्रज्ञांनी पेशंटच्या सांध्यातून आणि डोळ्यातून टी पेशी काढल्या, त्यांचे रिसेप्टर, म्हणजे तुकडा ओळखणारे भाग, एकमेकांसारखे निघाले, आणि बी२७ने दाखवलेले बॅक्टेरियाचे तुकडे आणि माणसाचे स्वतःचे तुकडे असे दोन्ही ते ओळखत होते. माझा लाल डोळा आणि माझी कंबर ही एकाच साखळीची दोन टोकं आहेत हे मला तेव्हा नीट कळलं. साल्मोनेला, शिगेला, क्लॅमिडियासारख्या संसर्गानंतर काही आठवड्यांत सांधे सुजतात तो रिअ‍ॅक्टिव्ह आर्थ्रायटिससुद्धा बी२७वाल्यांमध्ये जास्त होतो आणि जास्त रेंगाळतो. जंतूवर धारदार नजर असण्याची ही किंमत आहे, आणि ती किंमत मी दररोज सकाळी भरते, त्यामुळे हे काही वरदान आहे वगैरे मी म्हणणार नाही. पण दोष नाही, हे ठामपणे म्हणेन.

बी२७ एकटं नाहीये ह्यात. लुपस ह्या ऑटोइम्यून आजाराचा (ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते) धोका वाढवणारा एफसीजीआर२बी जीनचा एक प्रकार आफ्रिका आणि आशियात जास्त सापडतो, आणि तोच मलेरियाच्या गंभीर रूपापासून वाचवतो असं दिसलंय. इटलीच्या सार्डिनिया बेटावर, जिथे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मलेरिया होता, तिथे २०१७ मध्ये बाफ नावाच्या प्रोटीनचं प्रमाण वाढवणारा जीनचा प्रकार सापडला, त्याने मल्टिपल स्क्लेरॉसिस (मेंदू आणि मज्जारज्जूचा ऑटोइम्यून आजार) आणि लुपस दोन्हींचा धोका वाढतो, आणि तो तिथे इतका टिकला त्यामागे मलेरियाच असावा असं ती टीम म्हणते. प्लेगबद्दलही एक अभ्यास खूप गाजला, २०२२ मधला, लंडनच्या ईस्ट स्मिथफील्डच्या चौदाव्या शतकातल्या प्लेगच्या खड्ड्यांतली हाडं आणि डेन्मार्कमधली हाडं तपासून त्यांनी म्हटलं की ईआरएपी२ जीनची एक आवृत्ती दुहेरी असणारे साधारण ४० टक्के जास्त प्रमाणात वाचले, आणि तीच आवृत्ती आज क्रोन्स ह्या आतड्याच्या आजाराचा धोका वाढवते. ईआरएपी हे एन्झाइम एचएलएच्या खाचेत बसायच्या आधी तुकडे छाटायचं काम करतं, त्याचा भाऊ ईआरएपी१ तर माझ्या आजारात बी२७शी जोडी जमवून धोका कमी-जास्त करतो. फक्त ह्या प्लेगच्या अभ्यासावर नंतर इतर शास्त्रज्ञांनी पुरावा पुरेसा नाही म्हणून जोरदार आक्षेप घेतलेत, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर ‘प्लेगने वाचवलेले जीन’ म्हणून फिरतं ते सगळं पक्कं धरू नका. १८९७ च्या पुण्याच्या प्लेगशी तर त्या अभ्यासाचा काहीच संबंध नाही, तोही मेसेज मला आलाय. त्या प्लेगमध्ये पेशंटची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या, तो इतिहास असल्या फॉरवर्डमध्ये वापरू नये असं मला मनापासून वाटतं.

आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण टीवायके२ जीनचं आहे, कारण ते उलट्या बाजूने जातं आणि थेट टीबीशी येऊन भिडतं. ह्या जीनची एक मंद आवृत्ती आहे, दोन्ही प्रती तशा असतील तर मणक्याचा संधिवात, सोरायसिस, मल्टिपल स्क्लेरॉसिस अशा बऱ्याच ऑटोइम्यून आजारांपासून संरक्षण मिळतं. पण २०१८ मध्ये कळलं की त्याच लोकांना टीबी होण्याचा धोका जास्त असतो. म्हणजे ऑटोइम्यूनपासून सुटका हवी तर टीबीसमोरची ढाल पातळ होते. ही नुसती पुस्तकी गोष्ट नाही, माझ्या उपचारात हेच समोर आलं. गोळ्यांनी भागेना म्हणून टीएनएफ हे सूज वाढवणारं शरीरातलं प्रोटीन थांबवणारं बायोलॉजिक इंजेक्शन सुरू करायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी आधी छातीचा एक्सरे आणि झोपलेला टीबी शोधणारी टीबी गोल्ड ही रक्ताची टेस्ट करायला लावली. मला वैताग आला होता, अजून एक टेस्ट, अजून पैसे. पण टीएनएफ हे जे आपले सांधे सुजवतं तेच शरीरात झोपलेल्या टीबीला गाठीत कोंडून ठेवायला लागतं, ते थांबवलं की झोपलेला टीबी जागा होऊ शकतो, २००१ मध्येच अमेरिकेतून ह्याबद्दल इशारा आलेला आहे. आपल्या देशात झोपलेला टीबी कितीतरी लोकांच्या शरीरात असतो, त्यामुळे ही टेस्ट कोणी टाळू नये, आणि पॉझिटिव्ह आली तर आधी टीबीची प्रतिबंधक औषधं सुरू करून मगच इंजेक्शन देतात. इंजेक्शनच्या बाबतीत एक चांगली गोष्ट म्हणजे अ‍ॅडालिम्युमॅब ह्या टीएनएफ थांबवणाऱ्या औषधाचा जगातला पहिला बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखाच दुसऱ्या कंपनीने बनवलेला पर्याय, भारतातच, २०१४ च्या डिसेंबरमध्ये आला, त्यानंतर अजून कंपन्या आल्या आणि किमती मूळ ब्रँडपेक्षा बऱ्याच खाली आल्या, तरी मध्यमवर्गीय घराला ते जडच जातं.

लग्नाचं पण लिहायलाच हवं, कारण मला मेसेज करणाऱ्या निम्म्या मुलींचा प्रश्न तोच असतो. आमच्या नात्यातल्या एका मावशींनी रिपोर्ट बघून आईला विचारलं, रक्तात दोष निघाला म्हणे मुलीच्या. मी त्यांना बसवून समजावलं, की मावशी, हा जीन आईच्या बाजूने आलाय, साताऱ्याच्या मामांची पाठ चाळिशीतच वाकली होती आणि डोळे वरचेवर लाल व्हायचे ते हेच असणार, आणि तुमच्या-माझ्यातल्या कितीतरी जणांकडे असेल, कोणी तपासलंय? मुलांना जायची शक्यता निम्मी, आणि गेला तरी बहुतेकांना काही होत नाही. पत्रिकेसोबत हा रिपोर्ट मागणारी स्थळं खरंच आहेत, एका ओळखीच्या मुलीच्या बाबतीत झालंय, तिला कसलाही त्रास नव्हता, कुठल्यातरी फुल बॉडी पॅकेजमध्ये ही टेस्ट घुसवलेली होती. पॅकेज विकणाऱ्यांवर माझा राग आहे तो इथे. काही लक्षण नसलेल्या माणसाची बी२७ करण्यात काहीच अर्थ नाही, त्याने उपचार बदलत नाहीत, टाळायला काही औषध नाही, फक्त भीती विकत मिळते.

रिपोर्टवर काय छापावं हे लॅबना मी मेल करून कळवलंय, इथेही देते, कोणी लॅबवाले वाचत असतील तर उचला: ‘तुमच्याकडे एचएलए बी२७ ही आवृत्ती आढळली. ही निरोगी लोकांतही आढळते आणि असलेल्या बहुतेकांना कोणताही आजार होत नाही. काही व्हायरसविरुद्ध ती शरीराला मदत करते, काही जणांत मात्र मणका, सांधे किंवा डोळ्यांना सूज येण्याचा धोका वाढवते. सकाळची कंबरेची अकड, पहाटेची दुखणी किंवा डोळा लाल होऊन उजेड सहन न होणं असं काही असेल तर रूमॅटॉलॉजिस्टना दाखवा.’ एवढंच. लाल रंग नको आणि नॉर्मलचा रकाना नको. अजून उत्तर आलेलं नाही.

स्टार द्यायचे तर सॅम्पल घेणाऱ्याला पाचपैकी पाच, वेळेला पाच, टेस्टच्या उपयोगाला चार, कारण एकटी ती निदान करत नाही, लक्षणं आणि एमआरआय सोबत लागतातच. रिपोर्टच्या भाषेला एक, आणि हेल्पलाइनला एकही नाही, शनिवारी रात्री असा रिपोर्ट पाठवायचा तर रविवारी समजावणारं माणूस ठेवा.

माझ्या भावाने टेस्ट केलेली नाही, त्याला काहीही त्रास नाही आणि डॉक्टरांनीही सध्या गरज नाही म्हणून सांगितलंय. कंबर सकाळी धरायला लागली तर पेनकिलरवर वर्षं काढायची नाहीत आणि डोळा लाल होऊन दुखला तर मेडिकलमधून ड्रॉप न आणता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, एवढं मात्र त्याला आणि वहिनीला दोघांनाही सांगून ठेवलंय.